नाणेघाटापासून विमानतळापर्यंत



ताजी फळे, भाजीपाला आणि गोठवलेले पदार्थ विमानाने परदेशी धाडणे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना वाटले असेल, की हा तर व्यापाऱ्यांचा आणि आडत्यांचा विषय. इतिहासाच्या व्याख्यानात त्याचे काय काम? ही शंका रास्त आहे. पण ज्या भूमीविषयी मी बोलणार आहे ती जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांची भूमी आहे. आणि दूरदेशीच्या व्यापाराखेरीज ह्या भूमीचा इतिहास सांगताच येत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ह्या मुलखाचा माल घाट उतरून समुद्राला जात होता, आणि आजही तो घाट उतरूनच समुद्राला अथवा विमानाला जातो. मधल्या काळात काय बदलले आणि काय बदलले नाही, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रारंभ नाणेघाटापासून करू. जुन्नरहून पश्चिमेस गेले म्हणजे सह्याद्रीच्या कड्यात खोदून काढलेली ही वाट लागते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. तो बहुतेक विद्वान इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी ह्यांची त्यात मोजदाद आहे. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा म्हणून लोक आजही दाखवितात. खाली उतरले की कल्याण आणि सोपारा ही बंदरे, आणि वर जुन्नरमार्गे पैठणपर्यंतचा देश. ‘पेरिप्लस’ ह्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्यापुढे पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद आहे. हे वीस दिवस ध्यानात ठेवा, कारण आपल्या साऱ्या कथेचे गमक त्या आकड्यात आहे.

जुन्नरच्या परिसरात डोंगराडोंगरांतून लेणी कोरलेली आहेत, आणि त्यांतील शिलालेख राजांपेक्षा व्यापाऱ्या-कारागिरांविषयी अधिक सांगतात. वेळूचे काम करणारे, काशाची भांडी करणारे, ह्यांच्या श्रेणींचे उल्लेख तेथे येतात. एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे अन्नाचा व्यापार करणाऱ्यांची संघटित पेढी जुन्नरला दोन हजार वर्षांपूर्वी होती, आणि धर्मकार्याला देण्याइतका पैसा तिच्या गाठी होता. आणखी एक गोष्ट मोठी सूचक आहे. इरिल, चिट आणि चंद ह्या नावांच्या तीन यवनांची दानेही जुन्नरच्या लेखांत नोंदलेली आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली. चिटाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. परदेशी मनुष्य येथे येतो, राहतो आणि येथल्या लोकांच्या जेवणाची सोय करून जातो! जुन्नरचा जगाशी संबंध किती घरोब्याचा होता, हे ह्यावरून दिसते.

परंतु त्या काळी घाटाने काय उतरत असेल? कापड, धान्य, मौल्यवान खडे. म्हणजे बैलाच्या पाठीवर वीस दिवस हिंदकळले तरी ज्याचे काही बिघडत नाही, असा माल. द्राक्षाचा घड, पिकलेला आंबा, कोवळी भेंडी ह्यांना वीस दिवसांची वाट म्हणजे मरणाची वाट. म्हणून प्राचीन व्यापारात दूरचा माल आणि नाशवंत माल ह्यांची कधी गाठ पडली नाही. नाशवंत माल गावच्या बाजारापुरता, आणि दूरच्या बाजारासाठी वाळवलेला, मुरवलेला अथवा मुळातच टिकाऊ असलेला माल, अशी वाटणी निसर्गाने करून ठेवली होती. ही वाटणी मोडण्याचा माणसाचा खटाटोप म्हणजेच आजच्या विषयाचा इतिहास होय.

ह्या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम भागात ही जुनी वाटणी आजही डोळ्यांनी दिसते. भीमाशंकरपासून नाणेघाटापर्यंतच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. तेथे रानातला हिरडा गोळा करून वाळवितात आणि विकतात. कातडी कमावण्यासाठी हिरडा लागतो म्हणून इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून तो विलायतेला जात असे. हिरड्याला घाई नसते. तो वाळला की महिनोन्महिने पोत्यात पडून राहतो. पूर्वेकडचे द्राक्ष मात्र देठावरून तुटले की त्याच्या आयुष्याचे तास मोजले जाऊ लागतात. एकाच तालुक्यात एक व्यापार कोरडा आणि एक ओला. ह्या ओल्या व्यापाराला पाणी कोठून मिळाले, ह्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

इंग्रजी राज्यात ह्या भागाच्या बागायतीकडे प्रथम शास्त्रीय दृष्टीने पाहणारा मनुष्य म्हणजे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन. १८३८ ते १८४७ ह्या काळात तो दापोडीच्या सरकारी वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक होता, आणि जुन्नरजवळच्या हिवरे येथील बागही त्याच्याच देखरेखीखाली होती. तेथे औषधी वनस्पती लावल्या जात आणि सरकारी औषधभांडारास त्यांचा पुरवठा होई. पुढे हाच गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. जुन्नर, खेड ह्या भागांत बटाटाही रुजला आणि मुंबईच्या बाजारास जाऊ लागला. बटाट्याची निवड येथल्या शेतकऱ्याने उगीच केली नाही. गाडीवाटेने घाट उतरून मुंबईला पोचेपर्यंत जे तग धरते, तेच तो पिकवीत होता.

ह्याच सुमारास आगगाडी आली. पण ती ह्या तालुक्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. १८६३ मध्ये बोरघाटाने लोहमार्ग पुण्याकडे चढला आणि त्यानंतर लवकरच थळघाटाने नाशिककडे. दोन घाटांच्या मधोमध असलेल्या माळशेजच्या नशिबी रूळ आले नाहीत. ज्या जुन्नरच्या पायाशी एके काळी कोकणात उतरणारा राजमार्ग होता, ते जुन्नर आगगाडीच्या युगात आडगाव ठरले. आजही जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव ह्यांपैकी एकाही गावाला रेल्वे स्टेशन नाही. येथील नाशवंत मालाचा सारा भार पुणे–नाशिक रस्त्यावर आणि माळशेजच्या वळणांवर आहे, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की त्यातलीही एक वाट बंद होते.

आता थोडा वेळ ह्या मुलखातून बाहेर पडू आणि थंडीचा इतिहास पाहू. नासणे थांबविण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे थंडी. पण ती विकत कोठे मिळावी? १८३३ मध्ये अमेरिकेतील बॉस्टनहून तळ्यातला बर्फ जहाजात भरून कलकत्त्यास आणला गेला, आणि पुढच्या वर्षाच्या सुमारास तो मुंबईतही उतरला. त्या बर्फासाठी मुंबईत बर्फघर बांधण्यात आले. चार महिन्यांचा प्रवास करून पाणी गोठलेल्या स्थितीत उष्ण देशात येते, ह्याचे लोकांना केवढे नवल वाटले असेल! त्यानंतर थंडी निर्माण करणारी यंत्रे निघाली. १८८२ मध्ये ‘डुनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडहून गोठवलेले मांस घेऊन लंडनला सुखरूप पोचले, आणि पृथ्वीच्या एका टोकाचे अन्न दुसऱ्या टोकाच्या ताटात पडू लागले. पुढे क्लॅरेन्स बर्ड्सआय ह्या अमेरिकन गृहस्थाने लॅब्रॅडोरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणार्धात गोठणारे मासे पाहिले, आणि पदार्थ जितका झटकन गोठवावा तितकी त्याची चव व पोत टिकतो, हे तत्त्व १९२० नंतरच्या काळात त्याने धंद्यात आणले. हळूहळू गोठणाऱ्या पदार्थात बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ते पेशी फाडतात. झटकन गोठविल्यास स्फटिक लहान राहतात. आपल्या देशातून १९५३ मध्ये कोचीनहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेस गेली, ती ह्याच तत्त्वावर.

पण गोठविण्याने सारा प्रश्न सुटत नाही. कोळंबी गोठविता येते, वाटाणा गोठविता येतो, पुरणपोळीसुद्धा गोठविता येते. द्राक्षाचा घड गोठविला की वितळताना त्याचे पाणी होते. काही फळे ताजीच हवीत, म्हणजे जिवंत हवीत. होय, जिवंतच! झाडावरून तोडलेले फळ श्वास घेत असते, उष्णता टाकीत असते आणि साठविलेली साखर खर्चीत असते. थंडीने हा श्वास मंदावतो एवढेच. त्यातही प्रत्येकाची थंडी वेगळी. द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपासची थंडी मानवते. आंब्याला बारा-तेरा अंशांच्या खाली नेले तर तो आतून काळवंडतो. भेंडी सात अंशांखाली खराब होते, आणि टोमॅटोलाही फार थंडी सोसत नाही. म्हणजे भेंडी, आंबा आणि द्राक्ष एकाच खोलीत सुखाने नांदू शकत नाहीत. ज्यांना फार थंडी चालत नाही आणि ज्यांचे आयुष्य थोडे, त्यांच्यासाठी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वेग. येथे विमान रंगभूमीवर येते.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईस टपाल आणले, तेव्हा विमानात पत्रांच्या थैल्या मावत होत्या, फळांच्या पेट्या नव्हेत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. त्याच महिन्यात बर्लिन शहराची कोंडी झाली, आणि त्या शहराला पीठ, दूध, बटाटा आणि कोळसासुद्धा महिनोन्महिने विमानाने पुरवून दोस्त राष्ट्रांनी जगाला दाखवून दिले, की आकाशमार्गाने नगरच्या नगर जगविता येते. मात्र तेथे खर्चाचा प्रश्न नव्हता, अब्रूचा होता. व्यापाराला विमान परवडू लागले ते फार पुढे. १९७१ मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७४७ ही प्रचंड विमाने आली. त्यांच्या पोटात, म्हणजे उतारूंच्या पायांखालच्या मजल्यावर, सुमारे दीड-दीड टन मालाचे धातूचे डबे ओळीने बसत. विमान उतारूंसाठी उडणारच होते. पोटातली जागा भरली तर तेवढाच अधिक फायदा. तेल सापडल्याने धनवान झालेल्या आखाती देशांत आणि विलायतेत आपली माणसे जाऊन राहिली, त्यांना भेंडी, हिरवी मिरची, कारली, आंबा ह्यांची आठवण येई, आणि हा माल मुंबईहून विमानाच्या पोटातून त्यांच्याकडे जाऊ लागला. लंडनच्या मराठी घरातले भरले कारले हे ह्या व्यवस्थेचे फळ आहे.

विमानाच्या भाड्याचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. वजन आणि आकारमान ह्यांपैकी जे भारी पडेल त्यावर भाडे घेतात. सहा हजार घनसेंटिमीटर जागा म्हणजे एक किलो, असा हिशेब. म्हणून हलका पण फुगीर माल महाग पडतो. गोठवलेल्या मालाबरोबर कोरडा बर्फ ठेवतात. हा घन स्वरूपातला कर्बवायू असतो आणि त्याचे तापमान शून्याखाली ७८ अंश असते. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो. आणि बंद पोटात तो वायू साचणे घातक, म्हणून एका विमानात तो किती न्यावा ह्याला मर्यादा असते. जगातील व्यापारी मालाच्या वजनापैकी शेकडा एकाहूनही कमी माल विमानाने जातो, पण किमतीच्या हिशेबाने तो जवळजवळ एक तृतीयांश भरतो. विमान हे मोलाच्या मालाचे वाहन आहे. शेतमालाने त्यात चढावयाचे तर त्याला मोल असले पाहिजे, नाही तर भाडेच फळाला खाऊन टाकते.

आता जुन्नर-आंबेगावकडे परत येऊ. एकेकाळी बाजरी, कांदा आणि बटाटा पिकविणाऱ्या ह्या भागाचे रूप पालटले ते कुकडी प्रकल्पाने. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी ही पाच धरणे. त्यांचे पाणी जुन्नर-आंबेगावचा पूर्वभाग भिजवून शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. नारायणगावच्या परिसरात द्राक्षबागा उभ्या राहिल्या; काळ्या, टपोऱ्या ‘जंबो’ द्राक्षांनी नाव मिळविले. पश्चिमेकडे येणेऱ्याच्या बाजूला हापूस होतो आणि तो कोकणचा हंगाम सरत आल्यावर बाजारात येतो. नारायणगावचा टोमॅटो बाजार तर साऱ्या देशात माहीत आहे.

ह्या वैभवाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते आंबेगावच पाण्याखाली गेले. तालुका आंबेगावचा म्हणावयाचा, कचेरी घोडेगावात, आणि मूळ गाव जलाशयाच्या तळाशी! आजूबाजूच्या ज्या वाड्या बुडाल्या त्या मुख्यतः महादेव कोळ्यांच्या होत्या. पाऊस त्यांच्या डोंगरावर पडतो, धरण त्यांच्या जमिनीवर उभे राहते, आणि पाणी खाली पूर्वेस वाहत जाते. पुढे ‘शाश्वत’ ह्या संस्थेच्या साह्याने विस्थापितांनी जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभारली. ज्या पाण्याने घर नेले त्याच पाण्यातून त्यांनी पोट भरण्याचा मार्ग शोधला, आणि योगायोग असा, की मासा हा द्राक्षाहूनही नाशवंत माल! द्राक्षाच्या मण्यात पाच भागांपैकी चार भाग पाणीच असते. जे द्राक्ष रॉटरडॅमला अथवा दुबईला जाते, त्यात डिंभे-माणिकडोहचे पाणी जाते. त्या पाण्याची किंमत कोणत्याही पावतीवर छापलेली नसते.

द्राक्षाच्या निर्यातीत एक बोधप्रद गोष्ट घडली. १९९१ मध्ये महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ ही संस्था काढली. युरोपला द्राक्षे धाडावयाची तर विमानाचे भाडे परवडणारे नव्हते. तेव्हा त्यांनी विमानाचा नाद सोडून वेळ वाढविण्याचा उपाय धरला. द्राक्ष पहाटे अथवा सकाळी काढावयाचे; त्यातली शेतातली उष्णता काही तासांतच पूर्वशीतगृहात काढून घ्यावयाची; पेटीत गंधकवायू हळूहळू सोडणारा कागद ठेवावयाचा, म्हणजे बुरशी धरत नाही; आणि शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या शीतकंटेनरातून, १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदरातून जहाजाने धाडावयाचे. तीन आठवडे समुद्रात काढूनही द्राक्ष टवटवीत राहू लागले. एका कंटेनरात बारा ते पंधरा टन माल जातो आणि भाडे विमानाच्या मानाने फारच थोडे पडते. म्हणजे पेरिप्लसमधले वीस दिवस पुन्हा आलेच! फरक इतकाच, की आता द्राक्ष ते वीस दिवस जगू शकते.

ह्यातून जो धडा निघतो तो असा : नाशवंत मालाला केवळ वेग तारीत नाही, अखंड थंडीची साखळी तारते. मुंबई ते लंडन विमानाला नऊ-दहा तास लागतात. पण शेतातून शीतगृह, शीतगृहातून ट्रक, ट्रकमधून विमानतळ, तेथे तपासणी, मोहर, वजन, आणि मग मे महिन्याच्या उन्हात विमानाशेजारी तापलेल्या फरशीवर पडून राहणे, ह्यात दीड-दोन दिवस जातात. जहाजाचा कंटेनर दार लावल्यापासून उघडेपर्यंत थंड असतो. विमानाची पेटी मात्र दहा हातांतून जाते आणि प्रत्येक हात बदलताना तिला ऊन लागते. वाटेतला एक तास वाया गेला तर त्याची भरपाई आकाशातला वेग करू शकत नाही.

आणि साखळीत केवळ थंडीचे दुवे नसतात, कागदाचेही असतात. प्रत्येक देश आपल्या शेतीचे कीडरोगापासून रक्षण करू पाहतो, आणि तो त्याचा हक्क आहे. अमेरिकेने हिंदी आंब्याला २००७ मध्ये दार उघडले ते विकिरणाच्या अटीवर. त्यासाठी कांद्यासाठी उभारलेले लासलगावचे विकिरण केंद्र उपयोगी पडले आणि त्या एप्रिलमध्ये आंबा विमानाने न्यूयॉर्कला गेला. २०१० च्या हंगामात, वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइड ह्या द्रव्याचा अंश युरोपच्या मर्यादेहून अधिक आढळला म्हणून महाराष्ट्रातील द्राक्षांचे कंटेनर परदेशी बंदरांत अडकले आणि बागाईतदार कर्जात बुडाले. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आंबा, कारले, पडवळ, वांगे आणि अळू ह्यांच्यावर बंदी घातली. आदल्या वर्षी २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी सापडल्याचे कारण त्यांनी दिले. आंब्यावरील बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली, परंतु एक सारा हंगाम गेला तो गेलाच.

आणखी एक उदाहरण मे २०२५ मधले. मुंबईहून विमानाने गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेतील लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर अडविल्या गेल्या. फळात कीड नव्हती. विकिरणाच्या नोंदीच्या कागदात त्रुटी असल्याचे सांगण्यात आले. माल परत न्या अथवा नष्ट करा, असा हुकूम झाला. परतीचे भाडे देऊन आंबा आणणे म्हणजे मेलेल्या म्हशीला चारा घालण्यापैकीच. म्हणून तो नष्ट करण्यात आला. अर्धी पृथ्वी ओलांडून गेलेले उत्तम फळ एका कागदापायी खड्ड्यात गेले!

निसर्ग आणि राजकारण ह्यांचेही तडाखे आहेतच. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीची राख आकाशात पसरली आणि युरोपातले विमानमार्ग सुमारे आठवडाभर बंद पडले. केनियाची फुले आणि शेंगा गोदामांत सडल्या. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने उतारूंची विमाने थांबली. जगातला जवळजवळ निम्मा विमानमाल उतारूंच्या विमानांच्या पोटातून जात असे. ती पोटेच नाहीशी झाली आणि उरलेल्या जागेचे भाडे भडकले. अमेरिकेचे निरीक्षक येऊ शकले नाहीत म्हणून २०२० आणि २०२१ ह्या दोन हंगामांत तिकडे आंबा गेला नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि द्राक्षाच्या प्रवासात दहा-पंधरा दिवसांची भर पडली. जुन्नरच्या बागाईतदाराने येमेनचा नकाशा पाहावा, असे दिवस आले.

अशा वेळी प्रश्न उभा राहतो तो हा, की वाटेत माल बिघडला तर तोटा कोणाचा? विमान कंपनी भाडे आधी घेते. निर्यातदाराने माल ठरलेल्या भावाने विकत घेतला असेल तर तोटा त्याचा. पण पुष्कळदा माल परदेशात विकला गेल्यावर हिशेब करावयाचा, अशी बोली असते, आणि मग भाडे, पेटी, शीतगृह, दलाली हे सारे वजा जाऊन जे उरेल ते शेतकऱ्याचे. काही उरले नाही, तर तेही शेतकऱ्याचेच. शृंखलेचा जो पहिला दुवा, त्यावरच अखेरचा भार येऊन पडतो. धान्य विकणाऱ्यांची जी श्रेणी जुन्नरच्या लेण्यात आपले नाव कोरून गेली, तिने एकमेकांचा तोटा कसा वाटून घेतला असेल ह्याचा लेख नाही. पण श्रेणी ह्या शब्दातच एकट्याने बुडू नये हा हेतू आहे, आणि आजच्या सहकारी संस्थेचा अर्थ त्याहून वेगळा नाही.

विमान सर्व दुःखांवरचे औषध आहे, अशी एक समजूत हल्ली पसरली आहे. खेड-चाकणच्या बाजूला आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार म्हणून वर्षानुवर्षे चर्चा झाली. २०१६ मध्ये ती जागा मागे पडून पुरंदरचे नाव पुढे आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि माळशेजने उतरणाऱ्या मालाला ते सोयीचे पडेल ह्यात शंका नाही. पण विमानतळ जवळ आल्याने नारायणगावच्या टोमॅटोचा प्रश्न सुटणार नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात ज्या टोमॅटोचा तोडणीखर्च निघत नव्हता, त्याच टोमॅटोच्या वीस किलोंच्या क्रेटला जुलैत दोन हजार रुपयांच्या वर भाव गेला. भावाचे हे हेलकावे आकाशातल्या वाहनाने थांबत नाहीत. साधा टोमॅटो विमानात चढलाच तर भाड्याखाली दबून मरेल. त्याला हवे आहे ते गावाजवळचे शीतगृह, प्रक्रियेचा कारखाना आणि लावणी किती झाली ह्याची वेळेवर मिळणारी माहिती.

मग विमानाचा उपयोग कोणाला? ज्याचे आयुष्य थोडे आणि मोल अधिक, त्याला. कोकणचा सरल्यावर येणारा जुन्नरचा निवडक हापूस, कोवळी भेंडी, हिरवी मिरची, हंगामाच्या आरंभी थोडा निघणारा पण चढा भाव मिळवणारा माल, ह्यांना विमान मानवेल. बाकीच्यांनी जहाजाने जावे, आणि ज्यांना जवळ चांगला बाजार आहे त्यांनी पुण्या-मुंबईलाच जावे, ह्यात कमीपणा नाही. आणि जे जाईल ते एकेकट्याने न जाता संस्थेच्या नावाने जावे. शेताजवळ पूर्वशीतगृह, फवारणीची खरी नोंद, विम्याचा करार आणि तोटा वाटून घेण्याचा नियम, ह्या चार गोष्टी धावपट्टीच्या आधी हव्यात.

श्रोतेहो, शेवटी एक मागणे मागतो आणि पुरे करतो. डिंभ्याच्या पाण्यावर पिकलेल्या द्राक्षाने परदेशी चलन आणले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण त्या पाण्याखाली गेलेल्या गावाच्या लेकरांना, हिरडा वेचणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या त्या कुटुंबांना, ह्या व्यापारात काही वाटा मिळावा, ह्याचा विचार आपल्या संस्थांनी केला पाहिजे. त्यांच्या मासळीला बर्फ आणि शीतगाडी मिळाली, त्यांच्या हिरड्याला वेळेवर योग्य भाव मिळाला, तर फार मोठा खर्च येणार नाही. परदेशातून आलेल्या चिट यवनाने येथल्या भिक्षूंसाठी भोजनमंडप बांधला आणि ती गोष्ट दोन हजार वर्षे दगडावर टिकली. परदेशात माल विकून आपण जे मिळवू, त्यातून आपल्याच डोंगरातल्या माणसांच्या ताटाची काळजी आपण घेतली, तर नाणेघाटापासून विमानतळापर्यंतचा हा प्रवास सार्थकी लागला असे म्हणता येईल.